साध्या कपड्यातले साहेब

आमची गाडी रोज संध्याकाळी झाडली जाते. सीटखालची शेंगांची टरफलं, तिकिटांचे बोळे, कुणाचा तरी एकुलता एक हातमोजा, सगळं निघतं. किस्से तेवढे निघत नाहीत, ते साठत जातात. जलद गाडीवर कंडक्टर होऊन मला नऊ वर्षं झाली. आता कुणाच्या लग्नात पंगतीला बसले तरी शेजारची म्हणते, "सुनंदा, गाडीतलं काहीतरी सांग की." मी सांगते. फक्त सांगायच्या आधी आजूबाजूला कोण कोण बसलंय ते बघून घेते.

ही सवय मला आधी नव्हती. आमच्यावर साध्या कपड्यातले साहेब सोडले, तेव्हापासून लागली.

आमच्या जलद गाड्या नांदेडहून सुटतात आणि लातूर, उदगीर, देवणी, धर्माबाद अशा पांगतात. ठरलेले स्टॉप सोडून कुठं थांबायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. एक दिवस डेपोत नोटीस लागली. एक साहेब साध्या कपड्यात, साधं तिकीट काढून, कुठल्याही गाडीत कधीही बसतील आणि वरती रिपोर्ट देतील. नाव नाही, फोटो नाही, बाई की बाप्या तेही नाही. नोटीस वाचल्याची सही करताना प्रत्येकानं एकदा मागं वळून पाहिलं.

सगळ्यात जास्त धसका घेतला माझ्या ड्रायव्हरनं, म्हणजे बसवंतअप्पानं. अप्पा मूळचा देवणीकडचा. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावत नाही. त्याच्या नावावर आधीच दोन मेमो होते. तिसरा आला की लातूरची लाईन सुटणार आणि धर्माबादच्या गाडीवर रवानगी होणार, हे कंट्रोलर बिराजदार साहेबांनी त्याला तोंडावर सांगितलेलं.

धर्माबादची गाडी काही वाईट नाही. पण अप्पाची लेक शारदा लातूरला होस्टेलवर राहून डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास करत होती. पहिल्याच महिन्यात ती बॅग भरून नांदेडला परत आली. रडून रडून डोळे सुजलेले. अप्पानं तिला समजावलं नाही की रागावला नाही. एवढंच म्हणाला, "मी रोज अकराला लातूरला येतो. तुझ्या आईच्या हातचा डबा आणतो. पंधरा मिनिटं बोलू. मग तर ऱ्हाशील?" त्या पंधरा मिनिटांवर पोरगी टिकली होती. सुट्टीच्या दिवशीसुद्धा अप्पा स्वतःच्या गाडीत पॅसेंजर म्हणून बसून लातूरला जायचा आणि दुसऱ्या ड्रायव्हरच्या चुका काढत परत यायचा.

म्हणजे आमच्यासाठी तो साहेब नुसता साहेब नव्हता. त्याच्या एका कागदावर शारदाची बॅग पुन्हा भरली गेली असती.

*

साहेब ओळखायची अप्पाची एक रीत होती. त्याच्या बापानं देवणीच्या बाजारात बैल पारखायला शिकवलं होतं. आधी चाल बघायची, मग खूर, शिंगांकडं शेवटी.

"माणूस तोंडानं लबाड बोलतो सुनंदा, पायानं न्हाई," अप्पा म्हणायचा. "गाडीत चढला की आधी पाय बघ."

मग मी तिकिटाआधी लोकांचे पाय बघायला लागले. तिसऱ्याच दिवशी नांदेडला एक जण चढला. पायात कोरे काळे बूट, इस्त्रीची पँट, मांडीवर बॅग. चालताना बूट करकर वाजत होते. अप्पानं आरशातून मला मान हलवून दाखवली.

त्या दिवशी आमच्या गाडीसारखी गाडी भूतलावर नसेल. मी प्रत्येकाला नमस्कार केला. सुट्टे पैसे मागताना 'कृपया' म्हणाले. एका म्हाताऱ्याची पिशवी स्वतः वर ठेवली, तर तो घाबरून ती खाली काढून पोटाशी धरून बसला. अप्पानं हॉर्नसुद्धा बेतानं वाजवला. त्या बूटवाल्याला तर मी दोनदा विचारलं, "खिडकी बंद करू का? ऊन लागतंय का?"

लातूरला उतरताना तो दारात थांबला. 

"ताई, राग मानू नका," तो म्हणाला. "तुम्ही एवढं गोड बोलून राहिलात, मला वाटलं गाडीत पाकीटमारांची टोळी हाय. नांदेडपासून खिशावरचा हात काढला न्हाई मी."

पोरगी बघायला निघाला होता. बूट त्यासाठी घेतलेले. चावत होते म्हणून तसं चालत होता.

*

समोरून येणाऱ्या ड्रायव्हरची एक खूण असते. पुढं रस्त्यात तपासणी पथक उभं असलं, की तो खिडकीतून पंजा बाहेर काढून उलटासुलटा हलवतो. ही खूण कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत, पण ती न समजणारा ड्रायव्हर मी पाहिला नाही.

एकदा लोहा यायच्या जरा आधी समोरून उदगीर डेपोची गाडी आली. तिच्या ड्रायव्हरनं पंजा काढला आणि जोरजोरात हलवला. तोंडही वेडंवाकडं केलेलं.

"लई मोठं पथक दिसतंय," अप्पा म्हणाला.

मी उठले. सगळ्या गाडीची तिकिटं पुन्हा तपासली. मग तिसऱ्यांदा तपासायला लागले, तशी गाडीत कुजबुज सुरू झाली. पुढं काहीतरी आहे, हे सगळ्यांना कळलं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. मागच्या सीटवरचे एक आजोबा काठी टेकत माझ्याजवळ आले आणि कानाशी बोलले.

"बाई, खरं सांगतो. म्हाताऱ्याचं अर्धं तिकीट घेतलंय मी. पण कागदावर माझं वय भरायला अजून आठ महिने हायत. पूर्ण तिकीट दे. ह्या वयात इज्जत जायला नगं."

मी पूर्ण तिकीट फाडलं. अहमदपूर आलं, चाकूर आलं, पथकाचा पत्ता नाही. लातूरच्या स्टँडवर अप्पानं त्या उदगीरच्या ड्रायव्हरला फोन लावला.

"कशाचं पथक?" तो म्हणाला. "भजे घेतले होते लोह्याला. हात पोळला माझा."

हे ऐकत आजोबा बाजूलाच उभे होते. त्यांनी नवीन तिकीट माझ्यापुढं धरलं.

"मग आता करा मला परत म्हातारा."

*

नंतर नंतर संशय गाडीतून उतरून डेपोत आला. साहेब प्रवासीच असतील कशावरून? आपल्यातलाच कुणी असेल तर? बिराजदार साहेबांनी ही शंका बोलून दाखवली आणि विश्रांतीच्या खोलीत बोलणं बंद झालं. पूर्वी तिथं पत्त्यांवरून भांडणं व्हायची. आता सगळे भिंतीकडं तोंड करून डबे खायला लागले. बिराजदार साहेबांवर कुणी शंका घेतली, तर ते स्वतःच म्हणाले, "घ्या, घ्या. मी पण तुमच्यावर घेऊनच राहिलोय."

फिरत फिरत संशय गेटवरच्या गफूरभाईच्या टपरीवर जाऊन थांबला. गफूरभाईला सगळ्या गाड्यांचे टाइम पाठ. कोण उशिरा आला, कोण कुणाशी भांडला, सगळं ठाऊक. एकानं त्याला हळूच विचारलं, "भाई, तुम्हीच तर न्हाई?"

त्यानं साखर ढवळत उत्तर दिलं, "न्हाई म्हणलं तर मानणार हाय का तुम्ही?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून गफूरभाईच्या चहाची तारीफ सुरू झाली. त्याचा चहा म्हणजे गरम पाणी, हे डेपोतल्या कुत्र्यालाही माहीत होतं. पण ड्रायव्हर घोट घ्यायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, "वा भाई, काय चहा हाय." गफूरभाईही रंगात आला. कुणाच्या शर्टाचं बटण तुटलेलं दिसलं की नुसतं "हूं" करायचा. माणूस दुसऱ्या दिवशी बटण लावून हजर.

मला हे बघवेना. एक दिवस सगळ्यांच्या देखत मी ग्लास खाली ठेवला. "गफूरभाई, आज पण चहात पावडर टाकायची राहिली का?"

  गफूरभाई जागेवरून उठला, कपडा मारून बाकडं पुसलं आणि मला बसायला दिलं.

"सगळ्या डेपोत एकटी हीच मला भीत न्हाई," तो बाकीच्यांना म्हणाला. "वळखा आता साहेब कोण ते."

पुढचा आठवडाभर माझ्याशी कुणी बोललं नाही. सकाळी गाडी मात्र धुतलेली मिळायची.

*

दर गुरुवारी लोह्याला एक गुरुजी चढायचे. रिटायर झालेले, धोतर, कोट, पायात कॅनव्हासचे बूट. ते दर वेळी वेगळ्या सीटवर बसायचे. बसले की खिशातून वही काढायचे, आणि गाडी चालू असताना मध्येच मान खाली घालून काहीतरी लिहायचे. कधी अप्पाकडं बघून लिहायचे.

"ह्येच," अप्पा म्हणाला. "दर वेळी सीट बदलतो. पक्का हाय."

गुरुवारी अप्पा गाडी चालवायचा नाही, गाडी देवाला नेल्यासारखी न्यायचा. तरी गुरुजी लिहायचेच. अप्पाची झोप उडाली. शेवटी एका गुरुवारी मी तिकीट देण्याच्या निमित्तानं त्यांच्या मागं उभी राहिले आणि वहीत डोकावले. सुंदर अक्षरात लिहिलं होतं.

'लोहा सोडल्यावर लहान दोन. अहमदपूरच्या अलीकडे मोठा एक, चालकाने हळू घेतला. सीट नऊ नको. सीट चार बरी.'

माझी सावली पडली तसे गुरुजी वळले. मला काही लपवता येईना. "गुरुजी, हे काय लिहिता?"

"खड्डे," ते म्हणाले. "आमच्या हिचं मणक्याचं ऑपरेशन झालंय. सध्या लातूरला लेकीकडं आहे. पुढच्या महिन्यात घरी न्यायचंय. डॉक्टर म्हणले, धक्का बसता कामा नये. कोणती गाडी, कोणती सीट आणि कोणता ड्रायव्हर, ते ठरवतोय."

मी जाऊन अप्पाला सांगितलं.  लातूरला त्यानं गुरुजींकडून ती वही मागून घेतली, आणि शारदाची पंधरा मिनिटं संपल्यावर गाडीत बसून शाळेतल्या मुलासारखी वाचून काढली. दुसऱ्या गुरुवारी गुरुजींनी वही उघडली आणि लातूरपर्यंत ती तशीच कोरी राहिली.

"ताई," उतरताना ते म्हणाले, "आज काही लिहायलाच मिळालं नाही. तुमच्या ड्रायव्हरची तब्येत बरी आहे ना?"

*

आता शेवटचा. हा मी फार कुणाला सांगत नाही.

लातूरला आमच्या भागातली शेकड्यानं पोरं शिकायला असतात. त्यांचे आईबाप सकाळी गाडीवर येतात आणि कंडक्टरच्या हातात डबा देतात. डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी, पट्टीवर नाव. अकराला लातूरच्या स्टँडवर पोरं उभी असतात, ज्याचा त्यानं न्यायचा. वर्षानुवर्षं असंच चाललंय. ड्रायव्हरच्या मागं डब्यांची एक प्लॅस्टिकची पेटीच असायची.

पण साध्या कपड्यातल्या साहेबांच्या नोटिशीआधी थोडे दिवस नवीन हुकूम आला. ज्या वस्तूबरोबर मालक नाही, ती जलद गाडीत चढवायची नाही. अप्पाचा दुसरा मेमो ह्याच डब्यांपायी होता. बाकी गाड्यांनी डबे बंद केले. आमच्या गाडीपाशी मात्र आया रोज सकाळी पिशव्या धरून उभ्याच. मी त्यांच्याकडं बघायची आणि त्या माझ्याकडं.

शेवटी मी म्हणाले, "डब्यासोबत मालक पाहिजे म्हणतात ना? मग मालक देऊ."

त्या दिवसापासून मी प्रवाशांना विचारायला लागले. "काका, लातूरपर्यंत हा डबा मांडीवर धरता का? कुणी विचारलं तर तुमचाच म्हणा." कुणी नाही म्हणालं नाही. फक्त डबा कुणाला द्यायचा, ही मोठी पंचाईत होती, कारण त्यातलाच एखादा साहेब निघायचा. म्हणून आधी अप्पा आरशातून पाय बघायचा. त्यानं मान हलवली की मी डबा द्यायची.

तो गुरुवार होता. चौदा डबे होते. लोहा येईपर्यंत बारा मांड्यांवर बारा डबे बसले. चौदावा अप्पाचा, शारदासाठी; ड्रायव्हरजवळ स्वतःच्या जेवणाचा सोडून दुसरा डबा दिसला तरी मेमो ठरलेला. झाकणावरच्या पट्टीवर अप्पानं पेनानं लिहिलेलं : 'शारदा, उद्या टेस्ट हाय. पोट भरून खा.'

हा डबा तो सहजासहजी कुणाला देऊ द्यायचा नाही. लोह्याला गुरुजी चढले, पण त्यांनी चढल्या चढल्याच तेरावा डबा मागून घेतला. त्यांच्या मागून एक जण चढला आणि अकरा नंबरच्या सीटवर बसला. विटका शर्ट, खांद्यावर रुमाल, पायात चपला. एका चपलेचा अंगठा तांब्याच्या तारेनं बांधलेला.

अप्पानं आरशात निरखून पाहिलं. "हाव, ह्याला दे. बिनधास्त दे. तारेची चप्पल घालून कोण साहेब यायलाय?"

मी त्या माणसाकडं गेले. "दादा, एवढा डबा धरता का?"

"कुणाचा हाय?"

"ड्रायव्हरच्या पोरीचा. लातूरला शिकते." पुढं माझ्याच्यानं राहवलं नाही. "कुणी विचारलं तर तुमचा म्हणून सांगा. सध्या एक साध्या कपड्यातला साहेब फिरून राहिलाय आमच्या मागं. डबे सापडले तर ड्रायव्हरची लाईन जाते, आणि लाईन गेली की पोरगी क्लास सोडून घरी बसते."

"बरं," तो म्हणाला आणि डबा दोन्ही हातांनी धरला.

अहमदपूर सोडलं. दोन-तीन किलोमीटरवर आडवी जीप उभी. समोरून कुणी पंजा हलवला नव्हता. पथकाचे साहेब आणि त्यांची दोन माणसं गाडीत चढली. साहेबांनी तिकिटं बघितलीच नाहीत. त्यांनी मांड्या बघितल्या.

"काय हो, आज सगळ्या गाडीला एकदम भूक लागली का?"

 त्यांनी पहिल्या सीटपासून सुरुवात केली. "डबा कुणाचा?"

"माझा."

"भाजी कुठली?"

"मेथी."

झाकण उघडलं. आत धपाटे आणि दही.

तो माणूस डब्यात बघत राहिला. "बायको सकाळपासून मेथीच म्हणत होती साहेब," तो म्हणाला. "आमच्या घरात असंच चालतं."

पुढं गुरुजी होते. आयुष्यात खोटं न बोललेला माणूस, म्हणून माझा जीव टांगणीला लागला. "डबा तुमचा?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या मांडीवर आहे," गुरुजी म्हणाले.

"तुमचा आहे का, ते विचारतोय."

"एखादं लेकरू माझ्या मांडीवर असतं तर तुम्ही विचारलं असतं का, की कुणाचं?"

साहेबांनी चिडून मेमोचं पुस्तक काढलं आणि पेनाचं टोपण दातानं उघडलं. आरशात अप्पाचं तोंड दिसत होतं. विभूतीवरून घामाची धार उतरत होती. मी त्याच्याकडं बघायचं टाळलं. त्या क्षणी मला खरंच वाटलं, की मीच त्या पोरीची बॅग भरली.

साहेब पुस्तकात तारीख लिहीत लिहीत अकरा नंबरपाशी आले. मान खालीच. "डबा कुणाचा?"

"माझा."

साहेबांचा पेन थांबला. त्यांनी मान वर केली. तारेची चप्पल, विटका शर्ट, खांद्यावरचा रुमाल, मांडीवरचा डबा. त्यांचा हात आपोआप गळ्यापाशी गेला आणि शर्टाचं वरचं बटण लागलं.

"माझाच हाय," तो माणूस पुन्हा शांतपणे म्हणाला. "पोरीचा हाय. उद्या टेस्ट हाय तिची."

"होय साहेब," पथकाचे साहेब म्हणाले.

मग मागं वळले आणि त्यांच्या माणसांना म्हणाले, "चला, गाडीला उशीर नको." एक जण म्हणाला, "सर, मागच्या सीटा राहिल्यात." साहेब तोवर खाली उतरले होते.

 अप्पानं गियर टाकला आणि गाडी जागेवरच बंद पडली. अप्पाच्या अठरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

लातूरपर्यंत मी पुढच्या दाराशी उभी राहिले. अकरा नंबरच्या दिशेला बघायची माझी हिंमत झाली नाही. स्टँडवर पोरं वाट बघत होती. लोक एकेक डबा नाव वाचून देत होते. तो माणूस सगळ्यात शेवटी उतरला.

"शारदा कोण?" त्यानं विचारलं.

शारदा पुढं झाली. त्यानं डबा तिच्या हातात दिला. "पोट भरून खा," म्हणाला आणि गेटकडं चालायला लागला.

अप्पा गाडीतून उतरून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"अप्पा, हे काका कोण?"

अप्पा त्या पाठमोऱ्या माणसाचे पाय बघत होता. गेटातून ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिला.

"चालीवरनं तर पॅसेंजरच वाटतोय," तो म्हणाला.